चालेल

भाऊ होता तेव्हा वहिनीला सायकलवर मागे बसवून कामावर सोडायचा. तो गेल्यापासून ती पायीच जाते. दवाखान्याच्या धुलाईखान्यात दिवसभर उभ्याने चादरींना इस्त्री करायची आणि वर ही पायपीट. शेवटी मीच तिला सायकलच्या दुकानात ओढून नेलं. लग्नाआधी ती सायकल चालवायची, एवढं मला ठाऊक होतं.

दुकानदार तोंडाचा गोड होता. "ताई, एवढ्यात गिअरच्या भानगडीत पडू नका. ही घ्या. दांडा खाली वाकवलाय, पाय सहज टेकतील. रंग कुठला देऊ?"

"कुठलाही चालेल."

"पुढे टोपली लावू?"

"चालेल."

या 'चालेल'ने माझं डोकं उठतं. भाऊ गेला त्या दिवशी मी चहा विचारला, तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

दुकानदाराने सीट खाली केली आणि हँडल धरलं. "आता बसून बघा."

वहिनीने पिशवी पोटाशी धरली, मागे गेली आणि दोन्ही पाय एका बाजूला सोडून कॅरिअरवर बसली.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं.

"बरी आहे," वहिनी समोरच्या रिकाम्या सीटकडे बघत म्हणाली.