दोनदा दाबायचा ब्रेक

बाबा दुसऱ्याची टॅक्सी चालवायचे. मुलुंडच्या आमच्या खोलीत आले की आई त्यांचा उजवा गुडघा मिठाच्या पुरचुंडीने शेकायची. त्या जुन्या गाडीचे ब्रेक एका दाबात धरायचे नाहीत. सगळे टॅक्सीवाले पेडल दोनदा हाणत, पहिल्यांदा ब्रेकला जाग आणायला, दुसऱ्यांदा गाडी थांबवायला. शेवटी गुडघा गेला आणि टॅक्सी मालकाकडे परत गेली. आई लोकांकडे पोळ्या लाटू लागली, त्यावर मी इंजिनियर झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते.

नोकरी लागल्यावर त्याच बनावटीची जुनी गाडी घेतली. बाबांनी परत चालवावी, एवढंच मनात होतं. नातेवाईक म्हणाले, हे भंगार कशाला? आधीच्या मालकाने तिच्यात नवं, ताकदीचं इंजिन बसवलं होतं, त्याची नोंदही केली होती. ब्रेक मात्र तेच. बाबा एक फेरी मारून गुडघा धरून उतरले.

"पळवायची सोय झाली. थांबवायची कोण करणार?"

मी करणार होते. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात मिस्त्रीबरोबर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले. पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही टाकला. डिस्क पकडणारी पट्टी पहिल्यांदा जरा तिरकी आली. मिस्त्री म्हणाला, चालून जाईल, मॅडम. मी ती परत कापायला लावली.

पहिल्या दिवशी बाबा स्टिअरिंगवर, आई शेजारी, मी मागे. गल्लीत कुत्रं आडवं आलं. बाबांच्या पायाने सवयीने दोनदा हाणलं. गाडी जागच्या जागी थिजली आणि आईच्या मांडीवरचा डबा पायाशी सांडला.

"अहो, पेडल आहे ते. झुरळ नाही," आई म्हणाली.

बाबा हसले नाहीत. चावी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू चालव, बाय. हे ब्रेक माझे नाहीत."

मी चावी परत त्यांच्या खिशात घातली. मिस्त्रीकडून बूस्टर लहान करून घेतला, पेडल थोडं कडक झालं. मग दर रविवारी इस्टेटच्या रिकाम्या रस्त्यावर बाबांना घेऊन जाऊ लागले. ते चिडायचे, मला ब्रेक मारायला शिकवतेस काय ग?

"शिकवते. ब्रेक नवे आहेत, ते तुम्हालाही नवेच."

दुसऱ्यांदा हाणायला पाय उठला की मी त्यांच्या मांडीवर हात ठेवायचे. ते काहीतरी पुटपुटायचे, गाडी मागे घ्यायचे, परत सुरुवात. एका रविवारी मला हात ठेवावाच लागला नाही. आणखी तीन-चार चकरा तशाच मारल्या.

मे महिन्यात आम्ही कोकणात गेलो. परशुराम घाटातून गाडी बाबांनीच उतरवली. मुलुंडपासून गावच्या अंगणापर्यंत गाडी त्यांनी स्वतः चालवली.