रोझ सायकल शिकते

जेवणं उरकून मी जरा आडवी होते. डोक्यात प्रज्ञाच घोळतेय. शिवणाचा क्लास मी फुकट चालवते, पोरींनी स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून जिवाचं रान करते, आणि या बाईसाहेबांना म्हणे क्लास बुडवून पळण्याच्या शर्यतीला जायचंय! संध्याकाळी तिचं नाव कापायचं, असं ठरवूनच मी डोळे मिटते.

तर समोर अकिनी. आमच्या यांची केनियात साखर कारखान्यात नोकरी होती, तेव्हा ती आमच्याकडे कामाला यायची. चार वर्षांपूर्वी वारली. तिच्या घरी बुटांचा एकच जोड, दोघी लेकी आळीपाळीनं शाळेत जायच्या. परत गेल्यावर आपल्या गावच्या पोरी तरी सुखी करायच्या, असं मी ते बघून तिथंच ठरवलं, आणि आल्या आल्या हा क्लास काढला.

स्वप्नात ती चक्क मराठी बोलते, तेही आमच्या वाळव्याकडचं. मी विचारते, तुझ्या रोझला निघताना शिवणयंत्र दिलं होतं, चालवते ना? तांदूळ निवडता निवडता ती सांगते, विकलं. मला राग येतो. केलं सवरलं सगळं मातीत घातलंत, असं मी तोंडावर म्हणते.

"बाई, तिला काय हवं होतं, विचारलंत कधी?"

"काय हवं होतं?"

"तुमची सायकल शिकायची होती. दारात गंजत पडलेली."

खरंच, सहा वर्षं ती सायकल पावसात उभी होती. मला मेलीला सुचलंच नाही.

स्वयंपाकघराची फरशी संपते तिथून उसातली लाल मातीची वाट सुरू होते. रोझ सायकलवर आहे, आणि मी या वयात साडी खोचून, मागून कॅरिअर धरून पळतेय. पोरगी खिदळतेय. तिला असं हसताना मी तिथं कधीच पाहिलं नव्हतं.

"सोडा आता, बाई," अकिनी म्हणते.

"पडेल गं ती."

"पडू द्या की."

जाग येते तेव्हा पदराचं टोक माझ्या मुठीत आवळलेलं असतं. बोटं दुसऱ्या हातानं सोडवावी लागतात. तळव्यावर नखांच्या चार लाल खुणा उमटल्यात, चांगल्याच झोंबतात. हे चहा मागतात. आज तुम्हीच करा म्हणते आणि फोन उचलते.

"प्रज्ञा, तुला नक्की काय हवंय गं?"

पलीकडे पोर चाचरते. हे तिला आजवर कुणी विचारलंच नसावं. एरवी तिच्या वतीनं मीच बोलून मोकळी झाले असते. मी थांबते.