देवीचं पदक

मुलगा-सून परदेशात, कोरेगावच्या घरात आम्ही दोघंच. गेल्या वर्षापासून माझे यजमान विसरू लागले. आधी किल्ल्या, मग गल्ली, मग जेवलो की नाही तेही. फौजेत आयुष्य काढलेला माणूस. आता स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून माझ्याकडे परक्यासारखं बघायचे. घरात माणूस असून बोलायला कोणी नव्हतं. देव्हाऱ्यातल्या यमाईदेवीपुढं हात जोडतानाही मनात यायचं, हिला ऐकू तरी जातंय का?

मिरजेच्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. त्या मशीनजवळ धातू चालत नाही. यांच्या गळ्यात यमाईचं चांदीचं पदक होतं, भरती होताना सासूबाईंनी घातलेलं. ते काढायला मी हात पुढं केला, तर हे ओरडले, "कोण ही बाई? माझी देवी चोरतीया!" सगळे बघू लागले. तिथला माणूस म्हणाला, "आज राहू द्या, पुन्हा कधीतरी आणा." पण यांना पुन्हा घराबाहेर काढणं मला एकटीला जमणार नव्हतं.

बाकावर सुनेला घेऊन आलेली जतकडची एक बाई बसली होती. ती उठली, यांच्यासमोर पदर पसरून म्हणाली, "दादा, आईला माझ्या पदरात ठेवा. तुमी भायेर येईस्तवर मी हितनं हलत न्हाई."

यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि आपल्या हातानं पदक काढून तिच्या पदरात ठेवलं. मला नाही, तिला दिलं. ते लागलं मनाला.

आत मशीनचे ठोके पडत होते. मध्येच तिची सून म्हणाली, "आत्ती, गाडी जाईल."

"जाऊ दे. शबुद दिलाय." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "सकाळधरनं काय खाल्लंय का तुमी?"

हे मला कितीतरी दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. तिच्या खांद्यावर डोकं टेकून मी रडले.

हे बाहेर आल्यावर तिनं पदक यांच्या गळ्यात घातलं आणि सुनेला घेऊन लगबगीनं निघून गेली. नाव विचारायचंही राहिलं.

डॉक्टरांनी मेंदूची चित्रं दाखवली. आठवणी साठवणारा भाग आक्रसला होता. बाकीच्या तपासण्याही तेच सांगत होत्या, अल्झायमरची सुरुवात. चित्र स्वच्छ निघू दे म्हणून मी नवस बोलले होते. तसं झालं नाही. ती बाई देवीनं पाठवली की आपली आपण आली, ते मी ठरवत नाही. त्या बाकावर मी एकटी नव्हते, एवढं खरं. त्या सोबतीचे उपकार मोठे आहेत.

परवा औंधला यमाईच्या देवळात गेलो. या वेळी काही मागितलं नाही. "आई, उरलंय ते तुझं," एवढंच म्हटलं. दर्शनानंतर हे ओवरीत टेकले आणि मला म्हणाले, "तुमी कुणाच्या वो?"

पूर्वी मी चिडून नाव-गावाची आठवण करून द्यायचे. त्या दिवशी म्हणाले, "तुमच्यासोबत आलेय."

यांनी जरा सरकून शेजारच्या फरशीवरची धूळ हातानं झाडली. "मग बसा की. दमला असाल."

मी बसले.