हिंगाची कुरबूर

काल फोडणीत हिंग चरचरला आणि मी तंजावूरच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात पोचले. तिथे आई आणि काकूंची रोजची कुरबूर मराठीत चाले, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. खरं भांडण मात्र तमिळमध्ये होई. नवा रंगीत टीव्ही कुणाच्या खोलीत ठेवायचा, यावरून काकू एकदा तमिळमध्ये कडाडल्या आणि वेगळी चूल मांडायचं बोलल्या. त्या दिवशी मराठीतली कुरबूर काही झाली नाही. दुसऱ्या सकाळी आईने फोडणी दिली, तशा काकू नाक मुरडत मराठीत म्हणाल्या, “अक्का, हिंग जास्त पडला!” माझा जीव भांड्यात पडला.

एरवी तमिळच बोलणारी माझी लेक काल पहिल्याच घासाला कुरकुरली, “अम्मा, हिंग जास्त पडला!” चक्क मराठीत. आता उद्याही मी जास्तच घालणार.