शिळा मासा आणि आबांचा उजवा हात

मी बांधलेला पहिला मासा शिळा निघाला.

तो फोमचा होता. फोमचा मासा शिळा कसा निघेल, असं तुम्ही विचाराल; मीही बायकोला तेच विचारलं. तिने तो दोन बोटांत धरून उजेडात फिरवला, बाजारात टोपलीतला मासा फिरवते तसा, आणि म्हणाली, "अहो, डोळे बघा की. लाल डोळ्यांचा मासा आपण कधी घेतो का?" डोळे म्हणून मी तिच्याच पाकिटातल्या दोन लाल टिकल्या चिकटवल्या होत्या. त्या न विचारता घेतल्याचा विषय मग निघाला, आणि माशाचा मागे पडला.

हे खूळ मोबाइलमुळे लागलं. मी सरकारी कचेरीतला कारकून, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. दुपारी डबा खाताना बघायला काहीतरी लागतं. एके दिवशी पडद्यावर एक गोरा माणूस गळाला दोरा गुंडाळताना दिसला. आमच्या भाट्याच्या खाडीवर गरवायला बसणारे लोक गळाला कोळंबी लावतात. या माणसाने गळावर फोमच्या दोन पट्ट्या चिकटवल्या, मागे पिसांची शेपूट बांधली, कात्री चालवली, आणि त्याच्या हातात बोटभर मासा तयार. तो पाण्यावर ओढायचा, म्हणजे जिवंत समजून मोठा मासा खालून येऊन त्याला धरतो. याला ते फ्लाय म्हणतात. सगळा कारभार आठ मिनिटांचा. एका फाइलीला नाडी बांधायला मला याहून जास्त वेळ लागतो, तेव्हा हे जमेलच असा मी हिशोब केला. त्याच दुपारी कचेरीत सांगूनही टाकलं की पावसाळ्याआधी माझ्या हातच्या माशावर खाडीतली चांगली मोठी तांबोशी पकडणार. सांगून टाकायला मला कधीच अडचण येत नाही.

सामान घरातच निघालं. थर्मोकोल बंद झाल्यापासून आमच्या गणपतीचं मखर फोमच्या शीटचं असतं. उरलेले तुकडे माळ्यावर होते. दोरा शिलाईचा. शेपटीची पिसं शेजारच्या कोंबड्याची, त्याने आपणहून टाकलेली. मी त्याच्यामागे धावलो ही बातमी अर्धीच खरी आहे. काठी आणि तिची जाड दोरी तेवढी ऑनलाइन मागवली.

कोंबडा आबांचा. आबा म्हणजे चाळीस वर्षं मच्छीमार बोटीवर तांडेल. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हे सगळं त्यांच्या शब्दावर. शिमग्याच्या आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, जीभ बिघडलीच नव्हती, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. पुढच्या काही महिन्यांत चालवली तर चालतील, नंतर कठीण, असं डॉक्टर म्हणाले आणि दाबायला रबरी चेंडू देऊन गेले. आबा तो डाव्या हाताने मांजराला मारत.

खरं दुखणं ताटात होतं. एका हाताने माशाचे काटे निघत नाहीत. पहिले तीन दिवस सून शेजारी बसून काटे काढून देत होती, लहान पोराला देतात तसे. चौथ्या दिवशी आबांनी ताट सरकवलं. "डॉक्टरांनी मासे बंद केलेत," म्हणाले. डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तांडेल डाव्या हातात चमचा धरून डाळभात खायचे, आणि घरात मासे तळायला घेतले की उठून मागच्या फणसाखाली जाऊन बसायचे. आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नसे.

अशा माणसाला कुणी मासा दाखवायला नेईल का? मी नेला. त्यांच्या पडवीत उजेड चांगला येतो, एवढाच माझा विचार होता.

"काय ह्ये?" आबांनी विचारलं.

"मासा, आबा."

"कशानं मेला?"

"मेलेला नाही. मी बांधलाय."

"गो, बादली आण," त्यांनी सुनेला हाक मारली. मी मासा पाण्यात सोडला. तो गर्रकन उलटा झाला आणि पोट वर करून तरंगू लागला. फोम मी गळाच्या खालच्या बाजूला चिकटवला होता. पाण्याने तो वर ढकलला, दुसरं काय होणार?

"पोट वर, डोळे लाल, अंगावर बर्फातली कळा. मेल्या, येवढी वर्षं मासे खातोस, जिता मासा कधी बघितलास?"

मी विचार केला. नव्हता बघितला. टोपलीतला बघितला होता, तव्यावरचा, ताटातला. म्हणून तर मी अख्ख्या माशाला एकच राखाडी रंग दिला होता. जिवंत माशाची पाठ काळपट हिरवी असते, वरून बघणाऱ्या पक्ष्याला ती पाण्यात दिसू नये, आणि पोट पांढरं असतं, खालून बघणाऱ्याला ते उजेडात दिसू नये, हे मला छप्पन्नाव्या वर्षी बादलीशेजारी उकिडवं बसून कळलं.

एवढ्यात शेपूट सुटली. दोरा उलगडत पाण्यावर पसरला. माशाची चेष्टा आबांनी मजेत केली होती, पण गाठ सुटलेली त्यांना बघवली नाही. "ही गाठ? आण हिकडं," म्हणून त्यांनी सवयीने उजवा हात पुढे केला. बोटं गळाला नुसती लागली आणि गळ खाली पडला. सून लगेच उचलायला वाकली.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तू जा घरी."

आठवडाभर मी आमच्याच टेबलावर बांधत बसलो. एकदा गोंदाने बोटच माशाला चिकटलं आणि खोबरेल चोळत बसावं लागलं. आठव्या दिवशी आबांची सून कुंपणापाशी आली. "काका, आबा विचारतायत, तो मढ्यावाला आला नाय का?"

ती आता सगळ्यांना सांगते की काकांनी हे मुद्दाम केलं, आबांच्या हातासाठी. मी पूर्वी मान खाली घालून ऐकून घ्यायचो, छान वाटायचं. पण ते खरं नाही. मला माझा मासा उलटा होऊ नये एवढंच हवं होतं.

पावसाळाभर आम्ही त्यांच्या पडवीत बसलो. खाडी गढूळ, कचेरीतले लोक तांबोशीचं विचारून विचारून कंटाळलेले. सुरुवातीला आबा नुसते शिव्या घालत. मग गळ टेबलावर ठेवून त्यावर उजवा तळवा दाबायचा आणि डाव्या हाताने दोरा फिरवायचा, असं सुरू झालं. तळव्याखालून गळ निसटायचा, कधी टोचायचा. श्रावणात अंगठा थोडा वळला. गणपतीच्या आसपास अंगठा आणि पहिलं बोट मिळून फोमची पट्टी धरता येऊ लागली. जोर मात्र नव्हता, मी हळूच ओढली तरी सुटायची. मी ओढून बघतो हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा माझ्या पाठीत डाव्या हाताचा धपाटा बसला. चेंडूला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही.

दिवाळीनंतर पाणी निवळलं. एका सकाळी भरती लागताना मी आबांना रिक्षाने खाडीवर नेलं. प्लास्टिकची खुर्ची मांडली. दोरी फेकण्याचं काम माझं. पहिल्या फेकीत गळ माझ्या कॉलरमध्ये, दुसऱ्या फेकीत आबांच्या खुर्चीत.

"पाण्यात टाक रे, मासे तिकडं हायत," आबा म्हणाले.

तिसऱ्यांदा पडला पाण्यात. काळपट पाठ वर, सरळ. आता दोरी थोडी थोडी ओढून मासा पळवायचा असतो. काठी मी धरली होती. दोरी आबांनी मागितली. उजव्या हातात. अंगठा आणि बोट, वीतभर ओढ, थांब, वीतभर ओढ. एका माणसाचं काम आम्ही दोघं करत होतो आणि तरीही ते अर्धंच होत होतं.

तासाभराने गळापाशी पाणी फुटलं. दोरी ताणली आणि आबांच्या बोटांतून सर्रकन गेली. लागलेला मासाही गेला. आबांनी बोटाकडे बघितलं; कातडीवर लाल रेघ उठली होती.

"घरी जायचं का?" मी विचारलं.

"गप. टाक परत."

दुसऱ्या वेळीही दोरी निसटली, पण थोडी, आणि मग थांबली. तीन बोटं मिटली होती. काठी मी वर उचलली, आबांनी ओढलं, आणि चिखलावर एक तांबोशी येऊन आपटली. तळहाताएवढी. अख्ख्या कचेरीला खिलवायची म्हटलं तर एकेकाला एक डोळासुद्धा आला नसता.

घरी आल्या आल्या सुनेने ती तळली, बाजारातून आणलेल्या माशांबरोबर, आणि मलाही जेवायला बसवलं. आबा फणसाखाली गेले नाहीत. ती सवयीने त्यांच्या शेजारी बसायला लागली, तसे ते म्हणाले, "तू वाढ. हिकडं नको बसू."

मग उजव्या हाताने तांबोशी उलगडू लागले. काटा धरायचा, तो निसटायचा, पुन्हा धरायचा. मधला मोठा काटा निघाला, तो त्यांनी ताटाच्या कडेला नीट ठेवला. बारीक काटे बराच वेळ चालले. भात गार झाला. सून दारात पाणी घेऊन उभीच राहिली. मी त्यांच्या बोटांकडे बघत माझ्या पानातला मासा तोंडात घालत होतो, न बघता.

काटा माझ्या घशात अडकला.

डोळ्यांतून पाणी, खोकला, बायकोच्या नावाचा अर्धा उच्चार. आबा शांतपणे म्हणाले, "सुका भात गिळ. चावू नको." मी गिळला. तिसऱ्या घासाला काटा गेला. तोवर आबांचं ताट चाटूनपुसून स्वच्छ झालं होतं. त्यांनी बोटं धुतली आणि सुनेला म्हणाले,

"आता ह्याच्या शेजारी बस गो. ह्याला काटे काढून दे."

ती खरंच बसली. मीही नको म्हटलं नाही. अजून दोन तुकडे उरले होते.