कोरं बोट

सुमन हरली की रडायची. म्हणजे ती स्वतः कधी कुठल्या निवडणुकीला उभी राहिली नाही. हरायचा तिचा पक्ष, आणि तोही कॅनडात. हिवाळ्यात गावाकडे आली की आमच्या परसात तुरीच्या शेंगा सोलत बसायची आणि मध्येच पदर डोळ्यांना लावायची. शेजारीण घाबरून विचारायची, "काय झालं गं? घरचं कुणी गेलं का?"

"न्हाय वं," सुमन नाक ओढत म्हणायची, "आमचे निळे पडले."

सुमन माझी धाकटी जाऊ. कोऱ्हाळे बुद्रुकची. लग्न होऊन इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात आली तेव्हा तिला तोंड आहे की नाही, अशी शंका यायची. मी मात्र बारामतीची, मॅट्रिक, पेपर मोठ्यानं वाचणारी. घरात राजकारणावर बोलायचा मक्ता माझ्याकडे होता. नव्या सुमननं एकदा विचारलं होतं, "आक्का, पंतप्रधान आन् मुख्यमंत्री यात थोरला कोण?" हा किस्सा मी पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांना चहाबरोबर वाढला. तेव्हाची मी म्हणजे मोठं प्रकरण होतं. डोक्यात दोन पैशांचं ज्ञान, आणि आवाज मात्र सभेचा.

दीर वारल्यावर तिचा मुलगा संदीप तिला कॅलगरीला घेऊन गेला. मी म्हटलं, बिचारी, बर्फाकडं बघत बसेल आता. पण ही बिचारी काही वर्षांत तिथली नागरिक झाली, पक्षाची सभासद झाली, आणि निवडणूक आली तशी घरासमोरच्या हिरवळीत उमेदवाराच्या नावाची निळी पाटी ठोकून मोकळी झाली. संदीप लाल पक्षाचा. त्यानं शेजारी लाल पाटी लावली. माय-लेकराचं एक अंगण, दोन पाट्या, आणि जेवायला आमटी एकच.

हे ऐकून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओव्यानं थांबणारं नव्हतं.

"तितं बगा आक्का," गावाकडे आल्यावर सुमन ओट्यावर बायकांसमोर सांगू लागली, "निळे म्हंजे जुनं धरून चालणारे. लाल म्हंजे मधले, जरा नव्या वाऱ्याचे. आन् केशरी म्हंजे कामगारांचे."

"केशरी कामगारांचे?" मी म्हटलं. "उलटाच दिसतोय तुझा देश."

"तितनं बगितलं तर तुमचा उलटा दिसतो," ती शांतपणे म्हणाली. बायका हसल्या. माझ्या ओट्यावर बसून, माझा चहा पिऊन, तिच्या विनोदाला हसल्या.

तिचं जुनं धरून चालणं पुस्तकातलं नव्हतं, बांधावरचं होतं. "बांध फोडायला एक सकाळ पुरती," ती म्हणायची, "घालायला दोन पिढ्या लागत्यात. फोडायच्या आधी आजा काय खुळा हुता का, येवढं इचारावं." संदीपचं म्हणणं, लालवाल्यांनी आपल्यासारख्यांना दार उघडलं, मग मत त्यांनाच. त्यावर हिचं उत्तर ठरलेलं असायचं, "उपकार हायेतच. पर दार उघडणारा एक आन् घर सांबाळणारा एक, दोगं लागत्यात. आन् घराला दार असावं बाबा. नुसती भोकं असली तर त्याला गोठा म्हंत्यात."

निळ्यांवरही ती आंधळी नव्हती. "लई चिडत्यात," म्हणायची. "जुनं राखायचं म्हंजे माणसाला आधी जुनं आवडाय पायजे. हे नुसतं नव्याला शिव्या देत्यात. आन् देश म्हंजे काय इचारलं, तर सांगत्यात, आमी अमेरिका न्हाय. आता मला कुणी इचारलं तू कोण, आन् मी म्हनलं, मी शेजारीण न्हाय, तर चाललं का?"

एकदा पक्षाच्या बैठकीत एका म्हाताऱ्या गोऱ्यानं तिला विचारलं म्हणे, तुम्ही मूळच्या कुठल्या? ती म्हणाली, "कोऱ्हाळ्याची. आन् तुमी?" त्यानं आज्याचं गाव सांगितलं, समुद्रापलीकडचं. सुमन म्हणाली, "मंग आपुन दोगंबी नांदायलाच आलोय." संदीपच्या मुलीनं त्याचं इंग्रजी केलं. म्हातारा उठून हिच्यासाठी खुर्ची घेऊन आला.

"गड्यांना देस बदलनं जड जातं," ती म्हणायची. "बाईला काय? तिला आईनं लहानपणापास्नं तेच शिकवल्यालं असतं. ज्या घरात नांदायचं, ते आपलं."

हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते पुढं महिला मंडळात माझं म्हणून वापरलं. मत्सर करणाऱ्या माणसाचं हेच दुःख, चोरी करायलाही त्याच घरात जावं लागतं.

आता माझ्या निवडणुकीचं सांगते. पंचावन्न ओलांडल्यावर मला ग्रामपंचायतीला उभं राहायची हुक्की आली. वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला, आणि मला वाटलं, गाव इतकी वर्षं माझीच वाट बघत थांबलंय. चिन्ह मिळालं छत्री. आरशासमोर छत्री उघडून मी भाषणाचा सराव करायची. एकदा तारेत अंबाडाच अडकला. हसू नका. मला ती जागा फार हवी होती. आयुष्यभर पेपर वाचला, आता एकदा पेपरात यायचं होतं.

सुमन त्या हिवाळ्यात गावातच होती. म्हणाली, "चला, दारोदार जाऊ. तितं आमी असंच करतो." मी दारात उभी राहून विकासावर बोलायची. सुमन उंबऱ्यावर बसायची आणि विचारायची, "तुमाला काय पायजे वं?" एवढंच. आणि बायका सुटायच्या. नळाला पाणी कधी येतं, दिवा कुठला बंद, सासू काय म्हणते. उमेदवार मी, आणि चहाचा पहिला कप तिला. एका म्हातारीनं तर निघताना सुमनचाच हात धरला. "तुला देते गं मत," म्हणाली. मी छत्री मिटून घेतली.

मतदान झालं. संध्याकाळी सुमन चुलीपाशी भाकरी थापत होती, हात पिठानं पांढरे. थापून झाल्यावर तिनं हात धुतले. माझी नजर तिच्या डाव्या हाताकडे गेली. त्या दिवशी गावातलं प्रत्येक बोट काळं होतं. तिचं कोरं.

"सुमन, शाई कुठाय तुझ्या बोटाला?"

"लावली न्हाय."

"म्हणजे? मत दिलं नाहीस?"

"आक्का, मी तितं शपथ घेतली. आता हितलं मत माजं न्हाय."

"अगं, यादीत नाव आहे तुझं! कोण विचारणार होतं?"

"कुणीच न्हाय," ती म्हणाली. "म्हून तर न्हाय दिलं."

"माझ्यासाठी सुद्धा नाही?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "आता हे माजं म्हायेर झालं, आक्का. म्हायेरला जावं, राबावं, रडावं. पर तितल्या कारभारात लेकीनं हात घालू न्हाय. तुमचं नाव बगून हात लई शिवशिवला असता. म्हून शाळेकडं फिरकलेच न्हाय."

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. मला आणि समोरच्या बाईला सारखी मतं. एकही इकडे नाही, एकही तिकडे नाही. चिठ्ठी टाकली, आणि चिठ्ठी तिची निघाली.

मी सुमनशी बोलणं टाकलं. पंधरा दिवसांनी ती निघाली तेव्हा विमानतळावर सोडायला गेले, पण गाडीत ती एका खिडकीकडे, मी दुसरीकडे. भिगवणला जेवायला थांबलो. तिनं माशाची मोठी तुकडी माझ्या ताटात ठेवली.

"आक्का, शिव्या तरी द्या की."

"पोस्टानं पाठवीन," मी म्हटलं, आणि तुकडी खाल्ली. राग असला तरी मासा ताजा होता.

खरं सांगू? मला पडल्याचा राग वर्षभर पुरला. पण हेवा अजून पुरतोय. माझा देश कधी बदलला नाही, म्हणून तो मला कधी निवडावाही लागला नाही. तिनं निवडला. आणि निवडलेल्याशी इतक्या इमानानं राहिली, की गावातला मोह सोडला नि माझा रागही सोसला. मला एवढं कुठं कळत होतं? मी छत्रीत केस अडकवून बसले होते.

गेल्या वर्षी सुमन गेली, तिथंच, झोपेत. माझ्याहून धाकटी असून आधी नंबर लावला. इथंही पुढंच.

त्याआधी थोडे दिवस तिकडे निवडणूक झाली होती. अंगात ताकद नव्हती, तरी संदीपला घेऊन गेली. लाल माणसानं निळ्या आईला चाकाच्या खुर्चीतून नेलं. आमच्याकडे सकाळ होती, फोन वाजला. आधी संदीप बोलला, मग ती.

"आक्का, मत दिऊन आले. हितं पेन्सिलीनं खूण करत्यात, शाईबी लावत न्हाईत."

"बरं केलंस. इतका वेळ का लागला? संदीप म्हणाला, आत बराच वेळ होतीस."

"वरपास्नं खालपतुर समदी नावं वाचत हुते."

"का गं? निळ्यालाच द्यायचं होतं ना?"

"तुमचं नाव हाय का बगत हुते."

मी म्हटलं, "होतं का?"

"न्हवतं," सुमन म्हणाली. "मंग दिलं निळ्याला."