गफूरभाईंची पत्रं

गफूरभाईंच्या हातात काहीही दिलं, की ते आधी दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढून पाहत. बसचं तिकीट, वर्तमानपत्राचा तुकडा, माझ्या सदऱ्याचा निघालेला दोरा, काहीही. चिखलीच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात ते ग्रेडर होते. गाडीतला चिमूटभर कापूस घ्यायचा, ओढून धाग्याची लांबी बघायची आणि प्रत सांगायची. त्या प्रतीवर शेतकऱ्याचा भाव ठरायचा. तीस वर्षांत ती सवय बोटांत भिनली होती.

हाच माणूस एका ऑनलाइन खेळात भारताच्या युवा बास्केटबॉल संघाचा कोच होता. मी सांगतो तेव्हा लोक हसतात. एकदा मीच लोकांना हसवलं होतं, म्हणून हे लिहितो आहे.

मी तेव्हा विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवायचो. शाळा सुटली की बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत जाऊन बसायचो. तिथे शेजारच्या खुर्चीवर सहा फुटांचा, केसांत कापसाचे तंतू अडकलेला माणूस दोन बोटांनी माऊस ढकलताना दिसायचा. तरुणपणी ते बुलढाण्याच्या संघात खेळले होते. "मंग अब्बा गेले अन् जिनिंगमंधी लागलो," ते म्हणाले. "सारी उंची गाड्यावर चढण्यात गेली, सर."

त्या खेळात प्रत्येकाचा एक काल्पनिक क्लब असतो. खेळाडू म्हणजे नावं आणि आकडे. ट्रेनिंग दिलं की आकडे वाढतात. देशाच्या युवा संघात निरनिराळ्या क्लबांमधली एकवीस वर्षांपर्यंतची पोरं घेतात. बावीस लागलं की पोरगं बाद. संघाचा कोच देशभरातले मॅनेजर मतदानानं निवडतात, पण कोचच्या हातात फार काही नसतं. पोरं दुसऱ्यांची. त्यांना अमुक ट्रेनिंग द्या, अशी विनंती तेवढी करायची.

दुसरं कोणी उभंच नव्हतं म्हणून गफूरभाई निवडून आले. त्यांना इंग्रजी आकडे आणि पडद्यावरचे चाळीसेक शब्द ओळखता येत. लिहिता येत नव्हतं. ते सांगायचे, मी इंग्रजीत पत्र लिहायचो.

"लिवा सर, त्या कोल्हापूरच्या मॅनेजरले, तुषारले. पह्यले इचारा, मायच्या डोयाचं ऑपरेशन झालं काय."

"भाई, ट्रेनिंगचं लिहू ना आधी?"

"काऊन? त्याचं डोकं मायपाशी हाय. आपलं पोरगं मंग."

मला तो फापटपसारा वाटायचा. कधी कधी मी ती ओळ गाळायचो आणि विचारलं की "लिहिलं" म्हणायचो. तरी उत्तरं यायची. गफूरभाईंनी तीन हंगाम असे लोक जोडले आणि सात पोरं घडवली. सातही जण पुढच्या हंगामात एकवीसचे होणार होते. त्यांना एकत्र खेळवायला तो एकच हंगाम मिळणार होता. त्याआधी निवडणूक होती.

बीटी कापसाची ती वर्षं. पहिली दोन सालं त्या बियाण्याची वाहवा झाली होती. पुढे पानं लाल पडू लागली, बोंडं हलकी निघू लागली. जिनिंगच्या गेटवर रोज भांडणं व्हायची. एका दुपारी गफूरभाई कॅफेत येऊन माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "सोनाळ्याचा एक कास्तकार मले म्हणे, अंगठा तुमचा अन् बुडते साल आमचं. सर, धागा आखूड असल तर लांब कसा सांगू? पण त्याच्या तोंडाकडे पाह्यलं नाही गेलं." मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, "इथं निदान पोरगं चांगलं होऊन राह्यलं, ते दिसते."

त्याच सुमारास खेळाच्या फोरमवर कोणीतरी लिहिलं, 'आपल्या कोचची पत्रं किती सुंदर असतात.' ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पत्रं माझी, नाव त्यांचं. मी निवडणुकीला उभा राहिलो.

एवढ्यावर थांबलो असतो, तरी आज तोंड दाखवता आलं असतं. मी फोरमवर लिहिलं की सध्याच्या कोचला इंग्रजीचं एक वाक्य येत नाही, पत्रं मी लिहितो. ते खरं होतं. पुढे लिहिलं की हा माणूस विदर्भात कापसाची प्रत पाडून शेतकऱ्यांचा भाव मारतो. ते खोटं आहे, हे मला पक्कं माहीत होतं. तेव्हा रोजच्या पेपरात विदर्भातल्या आत्महत्या असायच्या. मुंबई-बंगळूरच्या मॅनेजरांनी ते वाचलं आणि मतं दिली. कोणी कापसाच्या बोंडाचं चित्र टाकून टिंगल केली. मीही तिथे हसण्याची खूण टाकली.

मी निवडून आलो. त्या सात पोरांनी देशांच्या स्पर्धेत मला तिसरा क्रमांक मिळवून दिला, माझ्या नावावर. गफूरभाई कॅफेत यायचे थांबले.

पुढच्या हंगामासाठी मी पन्नासेक मॅनेजरांना निर्दोष इंग्रजीत पत्रं पाठवली. तीन उत्तरं आली. शेवटी लाज गिळून, मॅनेजरांच्या नावांची यादी घेऊन जिनिंगवर गेलो. ते कापसाच्या ढिगाजवळ उभे होते.

"या सर. कशी हाय टीम?"

"कोणी ट्रेनिंग देत नाही, भाई. पत्रांना उत्तरंच येत नाहीत."

"तुषारच्या मायचे डोये कसे हाय आता?"

मला माहीत नव्हतं.

"मंग तो काऊन देईन उत्तर?" त्यांनी बोटांवरचा कापूस झटकला. "कॅफेवाल्या पोरानं वाचून दाखवलं मले. इंग्रजीचं लिवलं ते खरं होतं. त्याचा राग नाही. अंगठ्याचं काऊन लिवलं? ते तुमाले भरोशावर सांगतलं होतं."

घरून निघताना चार उत्तरं तयार करून आलो होतो. मी नुसती यादी पुढे केली. त्यांनी ती घेतली, एकवार पाहिली आणि परत दिली. अंगठ्यांत धरून ओढली नाही.

"चलतो सर, गाडी उभी हाय," म्हणाले आणि गेले.

मी तो खेळ सोडला. चिखलीत गफूरभाईंचं घर माझ्यापासून दहा मिनिटांवर. दर ईदला जायचं ठरवायचो आणि बाजाराच्या रस्त्यानं वळायचो. अशी सात-आठ वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "सर, मी कोल्हापूरहून तुषार. जुन्या पत्रात तुमचा नंबर होता." तो पुढे म्हणाला, "भाई गेले. परवा. आई गेली तेव्हापासून दर रविवारी फोन करायचे मला. तुम्ही चिखलीतच, मातीला गेला असाल ना?"

भाई गेल्याचं मला त्याच्याकडूनच कळत होतं.

"हो," मी म्हणालो. "गेलो होतो."